चित्रांतील स्त्री आणि घरांतील स्त्री



आमच्या नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकास माहूरगड आहे. तेथें रेणुकामातेच्या मुखाचेंच पूजन होतें, हें आपणांस ठाऊक आहे. आणि तिची पुराणांतील कथाहि ठाऊक आहे. क्षणमात्र मन विचलित झालें, एवढ्यावरून जमदग्नि ऋषींनीं तिच्या वधाची आज्ञा दिली. पुत्रानें ती पाळली, आणि पुढें वर मागून मातेस पुन्हां जिवंत करून घेतलें. लहानपणीं ही कथा मीं प्रथम कीर्तनांत ऐकली, तेव्हां बुवांनीं पित्राज्ञेचा महिमा घोळून घोळून सांगितला. घरीं परततांना आजी मात्र एवढेंच पुटपुटली, "तिला कुणी इचारलंच नाही रे."

कथा एकच, परंतु ऐकणारांनीं तिच्यांतून दोन निरनिराळ्या गोष्टी उचलल्या. कीर्तन, ग्रंथ, वृत्तपत्रें, रंगभूमि आणि चित्रपट यांनीं स्त्रीचें जें चित्र लोकांपुढें मांडलें, त्याचा तिच्यावर होणाऱ्या अत्याचारांशीं कांहीं संबंध आहे काय, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभींच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नाटक पाहून आला आणि काठी उचलली, असें सहसा घडत नाहीं. दारू, हुंडा, संशय, पैशाची ओढ आणि घरांतील धाक हीं कारणें खरींच आहेत. परंतु मारणारास एक सबब लागते, आणि पाहणारास गप्प बसण्याचें एक कारण लागतें. तीं दोन्ही त्यास बहुधा अगोदरच तयार मिळालेलीं असतात. तीं कोठून येतात, तेंच आपण पाहूं.

आपल्या भाषेंत हा प्रश्न प्रथम ठणकावून विचारला तो एका स्त्रीनेंच. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेवर नवजात अर्भकाचा जीव घेतल्याबद्दल खटला झाला. तिला फांशीची शिक्षा झाली व ती पुढें कमी करण्यांत आली. परंतु वृत्तपत्रांनीं त्या एका अभागिनीच्या निमित्तानें अखिल स्त्रीजातीच्या शीलाचा पंचनामा सुरू केला. तेव्हां मराठवाड्याच्या शेजारच्या वऱ्हाडांत, बुलढाण्यास राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक पुण्यास छापून प्रसिद्ध केलें. जे दोष स्त्रीच्या माथीं मारतां ते पुरुषांत नाहींत काय, आणि विधवेस पुनर्विवाहाची वाट बंद करून तिला खड्ड्यांत लोटणारा कोण, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. पोथ्यांतून व नाटकांतून स्त्रीस कपटाची खाण ठरविणाऱ्या लेखकांचीहि त्यांनीं गय केली नाहीं. लोकांनीं पुस्तकाची निंदा केली. जोतीराव फुले यांनीं मात्र १८८५ सालीं 'सत्सार' मध्यें ताराबाईंची बाजू घेतली. पुढें तें पुस्तक विस्मृतींत गेलें, तें १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं पुनः प्रसिद्ध केलें. नव्वद वर्षांहून अधिक काळ तो सवाल अडगळींत पडून होता!

कपटी स्त्रीचें हें एक चित्र झालें. परंतु दुसरें एक चित्र आहे, तें अतिशय सुंदर आहे, आणि म्हणूनच त्याकडे संशयानें पाहण्याचें आपणांस सुचत नाहीं. तें म्हणजे सोशिक स्त्रीचें. राम गणेश गडकरी यांचें 'एकच प्याला' गंधर्व नाटक मंडळीनें १९१९ सालीं रंगभूमीवर आणलें, आणि बालगंधर्वांच्या सिंधूनें सारा महाराष्ट्र रडविला. गडकऱ्यांचा रोख दारूवर होता, आणि नाटकाची थोरवी मी कमी लेखीत नाहीं. परंतु मद्यपी पतीच्या हातून घराचा नाश झाला, मूल गेलें, तरीहि सिंधू त्याच्याविरुद्ध शब्द काढीत नाहीं. उलट त्याच्यावर बालंट येऊं नये म्हणून खरें लपविते. प्रेक्षक दारूस शिव्या देत, डोळे पुशीत घरीं जात. परंतु जातांना ते हेंहि मनांत घेऊन जात कीं चांगली स्त्री ती, जी मार खाऊनहि बोलत नाहीं. मग जी बोलते ती कोण, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

चित्र पालटतां येत नाहीं असें मात्र नव्हे. १९३७ सालीं पुण्याच्या प्रभात कंपनीनें व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखालीं 'कुंकू' काढला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा तो चित्रपट. त्यांतील नीरा, म्हणजे शांता आपटे, वृद्ध वराशीं कपटानें लावलेलें लग्न मान्य करीत नाहीं. ती रडत बसत नाहीं, जाब विचारते. आणि लोकांनीं तिला उचलून धरलें! यावरून लोकांस बोलणारी नायिका आवडत नाहीं, ही सबब टिकत नाहीं.

हीं चित्रें केवळ नाटकगृहांत राहतात असें समजूं नका. तीं न्यायालयांतहि शिरतात. १९७२ सालीं चंद्रपूर भागांतील देसाईगंज येथें एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यांतच अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आरोपी पोलिसांस दोषी धरलें. परंतु सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं त्यांस सोडलें. अंगावर जखमा नाहींत, प्रतिकाराची खूण नाहीं, यावरून जबरदस्ती मानतां येत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. खरी शीलवती प्राणपणानें झुंजते, हें पडद्यावरचें चित्र त्या निकालामागें उभें होतें, असें मला वाटतें. पोलीस ठाण्यांत एकट्या पोरीनें झुंजावें तें कसें, हें त्या चित्रांत नसतें. १९७९ सालीं उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार व वसुधा धागमवार या चौघां कायदेपंडितांनीं सर्वोच्च न्यायालयास खुलें पत्र लिहिलें. तें वृत्तपत्रांतून गाजलें, स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ सालीं कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यांतील स्त्रीनें संमति नव्हती असें सांगितलें, तर न्यायालयानें तसेंच गृहीत धरावें, असें ठरलें. आणि अत्याचार झालेल्या स्त्रीचें नांव छापणें हाहि गुन्हा झाला. ज्या वृत्तपत्रांनीं १८८१ सालीं एका विधवेचें नांव चव्हाट्यावर आणलें, त्यांच्याच हातून शंभर वर्षांनीं हें काम घडलें, हें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे.

आतां एक घरची गोष्ट सांगतों. ती सांगण्यास मला संकोच वाटतो. १९९१ सालीं विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' हा चित्रपट आला. मी तेव्हां लातूर जिल्ह्यांतील एका खेड्यांत मास्तर होतों. जत्रेंतील तंबूंत तो लागला, तेव्हां बायाबापड्या बैलगाड्या जुंपून आल्या. अलका कुबल यांनीं रंगविलेल्या त्या सोशिक लेकीसाठीं त्या हुंदके देऊन रडल्या. मीहि रडलों. त्याच हंगामांत माझी एक जुनी विद्यार्थिनी माहेरीं आली, ती कानावर पदर ओढून. तिच्या वडिलांनीं मला बोलावून म्हटलें, "गुरुजी, तुम्हीच समजावा तिला." आणि मीं समजाविलें! "बाळ, सोसणारीचाच संसार उभा राहतो," असें मीं सांगितलें. तिनें मान हालविली आणि ती परत गेली. हुंड्यासाठीं वा अन्य कारणासाठीं विवाहितेचा छळ करणें हा १९८३ पासूनच गुन्हा होता, आणि मला तें ठाऊक होतें. परंतु तंबूंतलें चित्र मला कायद्याहून अधिक जवळचें वाटलें. ती आज हयात आहे, मुलाबाळांची आहे. पण डाव्या कानानें तिला ऐकूं येत नाहीं. मीं तिला काय झालें तें विचारलेंहि नव्हतें.

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर मीं तो येथें सांगितला नसता. २०१९ ते २१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, कांहीं ना कांहीं कारणानें नवऱ्यानें बायकोस मारणें योग्य आहे, असें म्हणणारे देशांत पुरुष शेंकडा ४४ आणि स्त्रिया शेंकडा ४५ निघाल्या. सर्वांत अधिक जणांनीं मान्य केलेलें कारण कोणतें? तर सासरच्या माणसांचा अनादर. सोसणारी सून आणि उलट बोलणारी सून यांचीं चित्रें किती खोल रुजलीं आहेत, तें यावरून ध्यानांत येईल.

आज लातुरांत शिकवणीसाठीं दूरदूरच्या गांवांहून मुली येतात. पडद्यावरचा नायक नकार देणाऱ्या मुलीच्या मागें मागें फिरतो आणि अखेरीस ती हंसते. तेंच पाहून कोणी पोरगा शिकवणीच्या गल्लींत उभा राहतो, आणि पोरगी मात्र भीतीनें वाट बदलते. १९१३ च्या नव्हे, २०१३ च्या कायद्यानें असा पाठलाग हा गुन्हा ठरविला. परंतु कायदा वाचणारे थोडे आणि पडदा पाहणारे फार.

म्हणून चित्रें बंद करा, असें मी म्हणत नाहीं. बंदीनें सिंधूहि जाईल आणि नीराहि जाईल. माझी विनंती एवढीच आहे कीं, नाटक असो, बातमी असो कीं हातांतल्या फोनवरचें चित्र असो, तें पाहतांना आपल्या मुलांजवळ बसावें आणि माझ्या आजीचा प्रश्न त्यांच्या कानीं घालावा: तिला कुणी विचारलें काय? आणि शेजारच्या घरांतून आवाज आला, तर मीं जें केलें नाहीं तें करावें; उठून दार ठोठवावें, आणि तिलाच विचारावें.