काळी-पांढरी : एका मातीच्या खाणीचा इतिहास

सोलापूर आणि त्याच्या भोवतालच्या मुलखात जमीन दोन रंगांत ओळखली जाते. पिके होतात ती काळी, आणि माणसे राहतात ती पांढरी. जुन्या कागदपत्रांतही शेतजमीन आणि गावठाण या अर्थाने हे शब्द येतात. पण या जोडशब्दातला एक भेद सहसा आपल्या ध्यानात येत नाही. काळी निसर्गाची आहे; काळ्या पाषाणाच्या झिजेतून ती तयार झाली. पांढरी मात्र माणसाने केलेली आहे. चुलीतली राख, शेण, चुना, पडक्या भिंती, हाडे, फुटकी मडकी यांचे थर पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक साचत गेले आणि त्यांची टेकाडे झाली. गाव ज्या उंचवट्यावर बसलेले दिसते, तो उंचवटा पुष्कळदा त्या गावानेच निर्माण केलेला असतो.

गंमत अशी की, ज्या गावाने हे टेकाड रचले तेच गाव ते खणत आले आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिची भिंत टिकत नाही. पांढरीची माती तशी नव्हे. राख आणि चुना मिसळलेली ही माती कमी फुगते, चांगली दबते आणि पाणी सहजी आत येऊ देत नाही. म्हणून या भागातल्या माळवदाच्या घरांना तीच लागे. तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाल्याचा थर आणि सर्वांत वर जाड, चोपून बसवलेली पांढरी माती अशी या छपराची रचना असे. मृग निघण्याआधी त्यावर नवी माती टाकावी लागे. शेतातही ही माती खत म्हणून जाई.

आमच्या लहानपणी घरामागेच अशी एक खाण होती. उन्हाळा लागला की कुदळींचे आवाज सुरू होत आणि माती पाट्यांतून, बैलगाड्यांतून गावभर जाई. खणलेल्या जागेची कड भिंतीसारखी उभी राही. तिच्यावर राखेची एक करडी रेघ, खाली तांबूस भाजलेल्या मातीचा पट्टा, त्याखाली पुन्हा फिकट माती असे थर उघडे पडत. खापरांचे तुकडे मात्र खणणारे बाजूला फेकून देत, कारण माळवदावर खडा चालत नाही. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला जो छेद रेखाटायला शिकवतात, तोच छेद तिथे दर वर्षी नव्याने तयार होत असे आणि पुढच्या वर्षी नाहीसा होत असे. थर दोघांनाही दिसतात. अभ्यासक त्यांची नोंद करतो, एवढाच फरक.

ही नोंद कोणी ठेवली तर काय घडते, याचे उदाहरण सोलापूरहून फार दूर नाही. आजच्या धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठी वसलेले तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगराचा उल्लेख पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर असा आहे. तिथले कापड भडोच बंदरात जात असे. तेरमध्ये शास्त्रशुद्ध उत्खनन १९५८ मध्ये झाले. परंतु तेरची खरी ओळख घडवली ती तिथलेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी. गावाच्या पांढरीतून वर येणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या आणि हस्तिदंताच्या वस्तू ते अनेक वर्षे गोळा करीत राहिले. त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय आज शासनाकडे आहे. तिथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इ. स. ७९ मध्ये राखेखाली गडप झालेल्या पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय मूर्तीशी आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. लामतुरे यांनी स्वतः उत्खनन हाती घेतले नव्हते. घराजवळची माती ते लक्ष देऊन पाहत होते, आणि त्या पाहण्यातूनच एका नगराचा इतिहास हाती आला.

इजिप्तमध्येही हेच घडले. तिथले शेतकरी जुन्या वस्त्यांची टेकाडे खतासाठी खणत. अमार्ना येथील प्रसिद्ध मृत्तिकापत्रे १८८७ मध्ये अशाच खणण्यातून उजेडात आल्याचे सांगतात. नुकसान आणि शोध एकाच कुदळीने होतात.

पण खणले कोणी, हाही प्रश्न आहे. मराठी संतपरंपरेत मातीशी थेट जोडलेल्या दोन कथा याच पट्ट्यातल्या आहेत. गोरोबा कुंभार तेरचे. चिखल तुडवताना नामात तल्लीन होऊन पोटचे मूल पायाखाली गेल्याची त्यांची कथा सर्वश्रुत आहे. चोखोबा मंगळवेढ्याचे. गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ साली, ते इतर मजुरांसह गाडले गेले असे परंपरा सांगते. ज्या पांढरीच्या रक्षणासाठी ती भिंत उभी राहत होती, तिच्या आत त्यांना घर नव्हते. थरांचा इतिहास लिहिताना आपण राजवंशांची नावे देतो. ती माती उपसणारे, तुडवणारे, वाहणारे हात मात्र त्या नावांत येत नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड छप्पर यांखाली हजारो माणसे दगावली. ज्या मातीने शतकानुशतके ऊन-पाऊस अडवला, तिचेच ओझे त्या पहाटे प्राणघातक ठरले. माळवदाविषयीचा विश्वास उडाला तो कायमचाच. स्लॅबची घरे त्याआधीच येऊ लागली होती. आता त्यांना भीतीचेही कारण मिळाले. या बदलाबद्दल हळहळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मात्र त्यामुळे खाणीचा अर्थ पालटला. पूर्वी गाव गरजेपुरती माती काढी आणि घर पडले की तीच माती पुन्हा पांढरीत मिसळे. ते एक चक्र होते. सातवाहनकाळची राख एखाद्या माळवदावर पुन्हा कामाला येत असे. आता भूखंड सपाट करण्यासाठी किंवा शेतात टाकण्यासाठी जेसीबी लागतो, आणि कुदळीला अनेक उन्हाळे लागत ते काम दोन दिवसांत संपते. गेलेली माती परत येत नाही, आणि थर वाचायला वेळही उरत नाही. प्राचीन स्थळांच्या रक्षणासाठी महाराष्ट्रात १९६० चा कायदा आहे. पण त्याचे संरक्षण घोषित स्थळांना मिळते, आणि आपल्या बहुतेक गावांची पांढरी कुठेच घोषित झालेली नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना हस्तलिखित जपण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. पांढरी हेही एक हस्तलिखितच आहे. फरक इतकाच की, ते लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना अक्षर येत नव्हते. त्याच्या सर्व प्रती जपता येणार नाहीत, आणि माणसांच्या निवाऱ्याहून खापर मोठे आहे असेही कोणी म्हणू नये. परंतु खणती सुरू असताना कडेला उभे राहून थर मोजणे, छायाचित्र घेणे, मणी कोणत्या खोलीवर निघाला ते वहीत टिपणे, एवढे तर एखाद्या गावातला शिक्षक आणि त्याचे चार विद्यार्थी निश्चित करू शकतात. तेरचा इतिहास ज्या लक्ष देण्याने वाचला, ते काही तेरपुरते असण्याचे कारण नाही.