सिएटलचा सॉनिक्स आणि सामन्यांच्या जुन्या फिती

अमेरिकेतील व्यावसायिक खेळांत संघ ही खासगी मालमत्ता असते. मालकाने ठरवले आणि संघटनेने मान्यता दिली, की तो एका शहरातून उठून दुसऱ्या शहरात जातो. सिएटलने १९६७ पासून ४१ हंगाम जिवापाड जपलेला ‘सुपरसॉनिक्स’ हा बास्केटबॉल संघ २००८ मध्ये असाच ओक्लाहोमा सिटीला गेला. न्यायालयातील वाद तडजोडीने मिटला, त्यानुसार संघाचे नाव आणि रंग सिएटलच्या भावी संघासाठी राखले गेले. खेळाडू मात्र गेले. इतर शहरांतील चाहता जुना सामना पाहतो तेव्हा त्याला त्यात आजच्या संघाचे पूर्वज दिसतात. सिएटलमध्ये वंशच खुंटल्यामुळे जुन्या सामन्यांचे पुनर्दर्शन हे तिथे विरंगुळ्यापेक्षा इतिहास जतन करण्याच्या अधिक जवळचे ठरले.

असे पुनर्दर्शन शक्य झाले त्यालाही फार काळ लोटलेला नाही. १९८० च्या सुमारास या खेळाला दूरचित्रवाणीवर इतके दुय्यम स्थान होते, की सीबीएस वाहिनी अंतिम मालिकेतील काही सामनेसुद्धा थेट न दाखवता त्यांचे मुद्रण रात्री उशिरा प्रक्षेपित करी. घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर आले आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सवडीने पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण कायदेशीर ठरवले, तेव्हापासून सामान्य प्रेक्षक निर्धास्तपणे स्वतःचा संग्रह करू लागला. जुन्या सामन्यांना वाहिलेली स्वतंत्र वाहिनी १९९५ मध्ये निघाली.

सॉनिक्सचे एकमेव विजेतेपद १९७९ चे. आदल्या वर्षी वॉशिंग्टन बुलेट्सने अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात सिएटलमध्येच हरवलेल्या या संघाने, लेनी विल्किन्स यांच्या मार्गदर्शनाखाली, १ जून १९७९ रोजी त्याच प्रतिस्पर्ध्यावर ९७-९३ अशी मात करून मालिका ४-१ ने जिंकली. या मालिकेचे मुद्रण पाहताना आजचा डोळा अडखळतो, कारण मैदानावर तीन गुणांची रेषाच नाही. दूरवरून साधलेल्या फेकीलाही तेव्हा दोनच गुण मिळत. दूरच्या फेकींसाठीच ‘डाउनटाउन’ हे टोपणनाव मिळालेला फ्रेड ब्राउन याच संघात होता. पुढच्याच हंगामात रेषा आली आणि त्या फेकींच्या अचूकतेत तो संपूर्ण संघटनेत पहिला ठरला. निकाल कायम असला तरी पाहणाऱ्याच्या हाती नवे मोजमाप आले आहे, आणि जुना सामना पुन्हा पाहण्यातला खरा लाभ बहुधा हाच असावा.

पराभवही तितक्याच ओढीने पाहिले जातात. १९९४ मध्ये ६३ सामने जिंकून आपल्या विभागात अव्वल ठरलेला सॉनिक्स बादफेरीच्या पहिल्याच टप्प्यात, पाच सामन्यांच्या मालिकेत, आठव्या मानांकनाच्या डेन्व्हरकडून हरला. जादा वेळेत ९८-९४ असा शेवट होताच डेन्व्हरचा डिकेम्बे मुटोम्बो पाठीवर पडून दोन्ही हातांनी चेंडू डोक्यावर उंच धरतो, हे दृश्य सिएटलकरांना आजही सोसवत नाही. १९९६ च्या अंतिम मालिकेत शिकागो बुल्सने पहिले तिन्ही सामने जिंकल्यावर चौथ्या सामन्यात गॅरी पेटनकडे मायकेल जॉर्डनला रोखण्याचे काम आले आणि सॉनिक्सने १०७-८६ असा विजय मिळवला. पेटन कमरेत वाकून, पावलाला पाऊल लावून जॉर्डनचा मार्ग अडवतो, ते पाहताना हे काम त्याच्यावर आरंभीच सोपवले असते तर, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो. मालिका अखेर शिकागोने ४-२ अशी जिंकली. आकड्यांच्या तक्त्यात हा प्रश्न दिसत नाही. तो मुद्रणातच दिसतो.

सिएटलमधील अखेरचा सामना १३ एप्रिल २००८ रोजी झाला. संघ डॅलसवर ९९-९५ असा विजय मिळवत असताना प्रेक्षक तो वाचवण्याच्या घोषणा देत होते आणि पहिल्याच हंगामात खेळणारा केव्हिन ड्युरँट त्या संघात होता. संघटनेच्या अधिकृत नोंदींत १९७९ चे विजेतेपद आज ओक्लाहोमाच्या संघाच्या इतिहासात धरले जाते. नोंदींचा तो हिशेब मालकीच्या नियमाने बरोबर असेलही, परंतु ते विजेतेपद ज्या शहराने साजरे केले त्या शहराचा त्यावरील हक्क अधिक मोठा आहे, आणि त्या हक्काचा सर्वांत सबळ पुरावा या मुद्रणांत आहे.