सेप्टिक टँक, सोनखत आणि मैला उपशाचा प्रश्न : ग्रामीण महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

ग्रामीण घराच्या परसात सेप्टिक टँक बांधणे ही सामान्यतः केवळ बांधकामाची बाब समजली जाते. गवंडी बोलावून खड्डा खणला, विटांचा हौद बांधला आणि वर स्लॅब टाकला की काम संपले, असे मानण्यात येते. परंतु हा हौद भरल्यावर तो कोणी उपसावयाचा, या प्रश्नाचा इतिहास तंत्रज्ञानाइतकाच जातिव्यवस्थेशीही निगडित आहे.

बंद हौदाचा पहिला प्रयोग फ्रान्समध्ये झाँ-लुई मूरा यांनी १८६० च्या सुमारास केला. ‘सेप्टिक टँक’ हे नाव इंग्लंडमधील एक्झेटर येथील डोनाल्ड कॅमेरॉन यांच्या १८९५ च्या हौदामुळे रूढ झाले. हवेच्या अभावी जिवाणू मैल्याचे विघटन करतात, गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी बाहेर पडते, हे त्यामागील तत्त्व होय. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठालयात १८९७ मध्ये अशा हौदातील वायू गोळा करून वापरण्यात आल्याची नोंद आढळते. विलायतेतील शोध मुंबईस पोचण्यास असा फारसा काळ लागला नाही. खेड्यास पोचण्यास मात्र कित्येक दशके लागली. तोपर्यंत खेड्यात गोदरी आणि तालुक्याच्या गावी टोपलीचे संडास, अशीच सर्वसाधारण स्थिती होती.

या पार्श्वभूमीवर कोकणातील आप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) यांचे कार्य वेगळे उठून दिसते. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी, त्या काळी ‘भंगीकाम’ म्हटले जाणारे काम करण्याची परवानगी मागितली. ब्राह्मण कैद्यास हे काम देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनी डिसेंबर १९३२ मध्ये उपोषण आरंभिले आणि सरकारकडून फेरविचाराचे आश्वासन मिळाल्यावर ते सोडले. सफाईचे काम मागून घेण्यासाठी उपाशी राहावे लागावे, ही गोष्टच त्या व्यवस्थेविषयी पुरेशी बोलकी आहे. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेबांनी मैला मातीआड कुजवून त्याचे सोनखत करणाऱ्या संडासांचा प्रसार केला. मैला खत झाला की तो काढण्यात कोणास कमीपणा वाटू नये, ही त्यांची भूमिका होती. सेप्टिक टँकने मैला दृष्टीआड केला. आप्पासाहेबांना तो शेतात न्यावयाचा होता.

स्वातंत्र्योत्तर काळात सेप्टिक टँकच्या बांधणीसाठी भारतीय मानक (आय. एस. २४७०) तयार झाले. पाण्याची खोली किमान १ मीटर, रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, लांबी रुंदीच्या दोन ते चार पट आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी शोषखड्डा वा अन्य सोय, असे त्याचे स्वरूप आहे. ठरावीक मुदतीने गाळ काढणेही त्यात गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात ‘टाकी जितकी मोठी तितकी बरी, पिढीभर पाहावयास नको’ असा हिशेब अनेक घरी होतो. काळ्या मातीच्या प्रदेशात पाणी मुरत नाही, तेथे शोषखड्डा लवकर निकामी होतो. दोन खड्ड्यांचा संडास स्वस्त असतो. एक खड्डा बंद ठेवल्यास दीड-दोन वर्षांत आतील मैल्याचे खत होते. गोपुरीच्या विचाराशी त्याचे नाते उघड आहे, तरीही घराच्या प्रतिष्ठेशी टाकीच जोडली गेली. महाराष्ट्रात २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने संडास गावोगावच्या चर्चेत आणला, हे त्याचे मोठे श्रेय होय. परंतु चर्चेचा रोख बांधण्यावर राहिला, उपसण्यावर नव्हे.

कायद्यातही हीच उणीव दिसते. १९९३ चा कायदा महाराष्ट्रासह सहा राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून संसदेने संमत केला. त्याचा भर कोरड्या संडासांवर होता. टाकीत उतरणाऱ्या माणसाचा स्पष्ट विचार २०१३ च्या कायद्यात झाला आणि संरक्षक साधनांविना टाकी साफ करवून घेणे गुन्हा ठरले. १९९३ पासून गटारांत व टाक्यांत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांस प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख करण्यात आली.