परकोटाबाहेर

परवा एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, मूल रोडला प्लॉट घेतला. मस्त लेआउट आहे, मागे जंगलच जंगल!" त्याचं अभिनंदन केलं खरं, पण फोन ठेवल्यावर मन लोहाऱ्याकडे गेलं.

लोहारा म्हणजे चंद्रपूरहून मूलकडे निघालं की लागणारं गाव. तिथलं जंगल ताडोबाच्या हद्दीबाहेरचं. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, अंधारी १९८६ साली अभयारण्य झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प झाला. नकाशावर रेघ पक्की झाली. पण वयात आलेला वाघ आईचा मुलूख सोडून निघतो, तो रेघेबाहेरच्या अशाच जंगलातून.

२००७ मध्ये लोहाऱ्याचा कोळसा तिरोड्याच्या वीज प्रकल्पासाठी अदानी कंपनीला देण्यात आला. चंद्रपूर मुळात कोळशाचं गाव. खाण म्हणजे नोकरी, हे आमच्याकडे घरोघरी मानतात. त्यामुळे विरोध करणं सोपं नव्हतं. तरीही लोक उभे राहिले. २००९ मध्ये 'इको-प्रो'चे बंडू धोतरे १४ दिवस उपोषणाला बसले. वाघांचा हा भ्रमणमार्ग तुटेल, हे दिल्लीलाही पटलं आणि जानेवारी २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने खाणीची प्रक्रियाच मागे घेतली.

तिरोड्याचा प्रकल्प दुसऱ्या कोळशावर उभा राहिला. लोहारा न मिळाल्याने वाढलेला खर्च कोणी सोसायचा, हा वाद मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जंगल राखण्यालाही किंमत असते, हे आपण मान्य करायला हवं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. खाणीला एक नाव होतं, एक फाईल होती, म्हणून तिच्याविरुद्ध उपोषण करता आलं. लेआउटचं काय? शेत एनए होतं, चुन्याच्या रेघा पडतात, कुंपण येतं, दिवे लागतात. मोहर्लीकडे रिसॉर्टही असेच एकेक करून वाढले. सगळं कायदेशीर असेलही! पण अशा शंभर लहान कुंपणांपुढे उपोषणाला बसायचं तरी कुणाच्या दारात?

फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा जीव घेतला. लगेच दुसऱ्या दिवशी दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला नेलं. त्या घरांना भ्रमणमार्गाचं शास्त्र काय सांगणार? म्हणून "वाघ वाचवा" एवढं म्हणून भागत नाही. माणसाच्या जिवासाठीही मधली जागा मोकळी हवी.

गोंड राजांनी चांद्याला दगडी परकोट बांधला. शहर आत, रान बाहेर. २०१७ पासून त्याच इको-प्रोच्या पोरांनी परकोटावरची झाडंझुडपं काढून तो स्वच्छ केला. आज जटपुरा गेटवर उभं राहिलं तर दोन्ही बाजूंना शहरच दिसतं. राजांची भिंत जागेवर आहे, शहर कधीच पुढे गेलं.

आणि खरं सांगू? माझं घरही परकोटाबाहेरच्या एका जुन्या लेआउटमध्येच आहे. निवृत्तीच्या पैशातून बांधलं. तेव्हा या जागी आधी काय होतं, हे मीही विचारलं नव्हतं. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, आणि स्वतःच्या अंगणाचा राहून गेला.

विद्यार्थ्याला उद्या फोन करणार आहे. प्लॉट परत कर असं कोणत्या तोंडाने सांगू? पण निदान मागच्या बाजूला भिंत घालण्याआधी, तिथून रात्री कोण जातं ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचार, एवढं तरी सांगेन.