इदं न मम : टाटा घराण्याचं दान आणि खारघरची प्रयोगशाळा

अलिबागकरांसमोर दानाविषयी बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. देवळाच्या पायऱ्या, विहीर, शाळेची खोली अशी दानं आपल्या गावोगाव आहेत. देणाऱ्याचं नाव दगडावर असतं आणि दानाचं फळ रोज डोळ्यांना दिसतं. आज मात्र आपण अशा दानाकडे बघू, ज्याचं फळ देणाऱ्याच्या हयातीत दिसेलच असं नाही. ते म्हणजे संशोधनासाठी दिलेलं दान.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. पेण, पनवेल ओलांडून खारघरला गेलं की साठ एकरांच्या आवारात 'ॲक्ट्रेक' लागतं. इथल्या कितीतरी घरांना तो रस्ता आजारपणामुळे ठाऊक झालाय. टाटा मेमोरियल सेंटरचं हे कर्करोग-संशोधनाचं केंद्र. होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाशी ते जोडलेलं आहे, तिथं विद्यार्थी पीएच.डी. करतात. त्याची मुळं शोधत गेलो की आपण १९३१ सालात, एका घरातल्या मृत्यूपाशी पोचतो.

जमशेटजींचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा. त्यांच्या पत्नी मेहेरबाई टेनिस उत्तम खेळत, बालविवाहाविरुद्ध जाहीरपणे बोलत. जून १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं त्या गेल्या. मूलबाळ नव्हतं. दोराबजींनी १९३२ मध्ये दोन न्यास उभे केले. एकात स्वतःची जवळजवळ सगळी मालमत्ता घातली. दुसरा मेहेरबाईंच्या नावाचा, रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी. त्याच वर्षी जूनमध्ये, पत्नीच्या कबरीच्या दर्शनाला निघालेले दोराबजी वाटेत जर्मनीतच वारले. मेहेरबाईंसाठी घेतलेला, कोहिनूरपेक्षाही मोठा 'ज्युबिली' हिरा पुढे विकला गेला आणि तो पैसाही न्यासात गेला.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. मेहेरबाईंच्या नावाच्या न्यासाचं चार पंचमांश उत्पन्न जगभरच्या संशोधनासाठी आणि एक पंचमांश भारतासाठी, अशी वाटणी ठरली. देश पारतंत्र्यात, गरीब. मग पैसा बाहेर का? आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, आम्हाला उत्तर असं दिसतं : रोगाला देश नसतो, तसा त्याच्यावरच्या ज्ञानालाही नसतो. ज्याचं प्रश्नाशी नातं, त्याला पैसा. यज्ञात आहुती टाकताना 'इदं न मम' म्हणतात, हे माझं नव्हे. दुःख अगदी स्वतःचं, पण त्यातून दिलेलं दान स्वतःचं ठेवायचं नाही.

दोराबजींच्या न्यासानं १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केलं. तिथं डॉ. वसंत रामजी खानोलकरांसारखे विकृतिशास्त्रज्ञ आले. १९५२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते प्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे घडल्या. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन त्या अमेरिकेत गेल्या आणि परत येऊन त्यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. हिऱ्याचं मोल शेवटी अशा माणसांत उतरतं.

पण कुटुंबाचा पैसा कायमचा पुरत नाही. रुग्णालय १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं, १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था एक झाल्या. घराण्यानं सुरुवात करून दिली, मग हात सोडला. समाजानं, म्हणजे तुमच्याआमच्या करानं, ते पुढं चालवलं. आमच्या मते या इतिहासातली खरी शिकवण हीच. हात सोडला नसता तर ती खाजगी संस्था राहिली असती. शासनानं हात धरला नसता तर ती बंदही पडली असती.

संशोधन विभाग २००२ मध्ये खारघरला आला. २०२१ मध्ये तिथंच, आयआयटी मुंबईच्या सहकार्यानं तयार झालेला कार-टी उपचार पहिल्यांदा रुग्णाला दिला गेला. रुग्णाच्याच रक्तातल्या संरक्षक पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कर्कपेशी ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. तो ज्या रोगांवर आहे, त्यांत रक्ताचा कर्करोग आहे. मेहेरबाईंच्या मृत्यूला तेव्हा ९२ वर्षं झाली होती. दोराबजींच्या एकेका रुपयाचा माग इथवर लावता येणार नाही. संशोधनाचं दान असंच असतं, ते मिसळून जातं. परदेशाच्या तुलनेत सुमारे दहाव्या हिश्शात हा उपचार होतो, तरी खर्च लाखांतच आहे. म्हणजे काम संपलेलं नाही.

शेवटी एक खंत. आम्ही विद्यापीठात असताना पाहिलं, इमारतीला देणगीदार मिळत. त्या इमारतीत पाच वर्षं बसून एकाच प्रश्नाशी झुंजणाऱ्या मुलीच्या शिष्यवृत्तीला मिळत नसत. शिष्यवृत्तीला पाटी कुठं लावणार? या सभागृहात कुणी आईवडिलांच्या नावानं काही देण्याच्या विचारात असेल, तर त्यांनी पाटीऐवजी एखादा प्रश्न निवडावा, एवढंच सांगणं.