जाळी निकलची की रंगाची? गाडीच्या तोंडाचा थोडा इतिहास



कामशेतच्या बाजारात सकाळी मालाच्या गाड्या लागल्या की नुसती त्यांची तोंडं बघा. काही पिकअपच्या पुढच्या जाळीवर आरशासारखं निकल चकाकत असतं. काहींची जाळी गाडीच्याच रंगात रंगवलेली असते, पांढऱ्या गाडीला पांढरी आणि लाल गाडीला लाल. या जाळीला कोणी ग्रिल म्हणतं, ट्रकवाले 'शो' म्हणतात. रंगवलेली जाळी दिसली की तरणी पोरं हसतात. निकल गेलं, नवी जाळी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून रंग फासला, असा त्यांचा हिशेब.

हा हिशेब मला मान्य नाही. कामाच्या गाडीची जाळी मुळात रंगाचीच होती. चकाकी मागून आली, मध्ये दोनदा परत गेली आणि आता तिसऱ्यांदा जायच्या वाटेवर आहे. या तिसऱ्या वेळेला आपल्या विहिरी-नदीच्या पाण्याचा संबंध आहे, म्हणून शेतीच्या पानावर गाडीचा विषय घेतला.

पहिल्यांदा जाळी कशाला असते ते बघू. इंजिन तापतं, त्याचं पाणी रेडिएटरमध्ये थंड होतं आणि रेडिएटरला समोरून वारा लागतो. तो वारा आत जावा, पण दगड, काडीकचरा जाऊ नये, एवढंच जाळीचं काम. सुरुवातीच्या मोटारींना वेगळी जाळी नव्हतीच. रेडिएटर हेच गाडीचं तोंड होतं. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली तेव्हा तिचा रेडिएटर पितळेचा, घासला तर चकाकणारा. १९१७ च्या मॉडेलपासून त्यावर काळ्या रंगाचं पत्र्याचं कवच आलं. म्हणजे शेतकऱ्यांच्या घरात पहिल्यांदा शिरलेल्या त्या मोटारीचं तोंडसुद्धा रंगाचं झालं होतं.

आता क्रोमबद्दल. क्रोमियम धातूचा शोध १७९७ साली वोक्लँ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने लावला. या धातूचे क्षार पिवळे, नारिंगी, हिरवे असे रंगीत असतात, म्हणून ग्रीक भाषेतल्या 'रंग' या अर्थाच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं. ज्याचं नावच रंग, तो आपण बिनरंगी चकाकीसाठी वापरतो, ही एक गंमतच.

विजेच्या साहाय्याने क्रोमचा मुलामा चढवायची पद्धत १९२० नंतरच्या दशकात कारखान्यांत बसली आणि मोटारींची तोंडं चकाकायला लागली. लोखंडावर आधी बहुतेक वेळा तांबं, मग निकेल आणि शेवटी क्रोम, असे थर असतात. क्रोमचा वरचा थर एक मायक्रॉनपेक्षाही कमी. डोक्याच्या केसाच्या जाडीचा शंभरावा भाग केला तरी तो त्याहून पातळ. खरी चकाकी खालच्या निकेलची असते, क्रोम तिला काळी पडू देत नाही. आपली गॅरेजवाली माणसं या कामाला 'निकल करणं' म्हणतात, ते अगदी बरोबर आहे.

चकाकी पहिल्यांदा गेली ती दुसऱ्या महायुद्धात. निकेल आणि क्रोम हे दोन्ही चांगल्या पोलादाला लागतात. रणगाड्याच्या जाड पत्र्याला लागतात, इंजिनाच्या भागांना लागतात. अमेरिका युद्धात उतरली आणि १९४२ च्या सुरुवातीला तिथल्या सरकारने मोटारींवरची चकाकी बंद केली. बंपर तेवढे वगळले. त्या काही आठवड्यांत बनलेल्या गाड्यांच्या जाळ्या आणि पट्ट्या सरळ रंगवून बाहेर पडल्या. फेब्रुवारीत तर साध्या लोकांसाठी मोटारी बनवणंच थांबलं.

त्याच काळात जगाला माहीत झालेलं एक तोंड तयार झालं, ते म्हणजे जीपचं. विलीज कंपनीच्या पहिल्या जीपला लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून केलेली जाळी होती. फोर्डने तीच जीप बनवताना एका पत्र्यातून नऊ उभ्या फटी दाबून काढल्या. ही जाळी हलकी, स्वस्त आणि लवकर होणारी, म्हणून विलीजनेही तीच घेतली. पत्रा बॉडीचा आणि रंगही बॉडीचाच. जाळी वेगळी दिसावी असा विचारच त्यात नव्हता.

ती जीप आपल्याकडं आली. महिंद्राची कंपनी १९४५ सालची आणि १९४७ पासून त्यांनी मुंबईत जीपचे सुटे भाग जोडायला सुरुवात केली. युद्धानंतरच्या साध्या जीपला सात फटी आल्या, पण जाळी बॉडीच्याच रंगाची राहिली. डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर, चिखलात, जिथं दुसरं चाक जात नव्हतं तिथं ही गाडी गेली. तिच्या तोंडावर निकल नाही म्हणून तिला कोणी गरीब म्हटलं नाही. लष्करी हिरव्या रंगाला मात्र आपल्याकडं बंदी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे संरक्षण खात्याची सोडून दुसरी कुठलीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही. जुन्या जीपची हौस असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसऱ्यांदा चकाकी मागे हटली ती कोरियाच्या युद्धात, १९५० ते १९५३. पुन्हा निकेल युद्धाकडं वळलं. अमेरिकेत निकेलचा थर कमी करून किंवा गाळून क्रोम चढवायला लागले आणि ते लवकर खराब व्हायला लागलं. मालाच्या गाड्यांच्या जाळ्या सर्रास रंगवलेल्या निघाल्या. युद्ध संपलं आणि १९५५ नंतर तिथल्या मोटारींवर चकाकीचा पूर आला.

त्याच सुमाराला आपल्याकडं ट्रकचं युग सुरू झालं. टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डायमलर-बेंझबरोबर करार केला आणि १९५४ पासून जमशेदपूरला ट्रक बनायला लागले. करार १९६९ पर्यंत चालला. १९६६ मध्ये टेल्को पुण्याला आली. पिंपरी-चिंचवडचा पट्टा वाढला आणि मावळातल्या कितीतरी घरांतली माणसं सकाळच्या लोकलने तिकडं कामाला जायला लागली. १९८६ साली टाटा ४०७ आली, २००५ मध्ये 'छोटा हत्ती'. भात, भाजी, दूध, फुलं नेणारी गाडी शेतकऱ्याच्या दारात उभी राहिली, तिचा आपल्याशी संबंध असा आहे.

पण ही गाडी राहते कुठं? मावळात. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कामशेतला त्याहून कमी, वडगाव-तळेगावकडं आणखी कमी. तरी जून ते सप्टेंबर गाडी ओली ती ओलीच. लोखंडावरच्या निकलला बारीक छिद्रं असतात, त्यात दगडाचे टिपके पडतात. खालचं लोखंड उघडं पडलं की ओलाव्यात निकेल शाबूत राहतं आणि लोखंड जास्त वेगाने गंजतं. म्हणून निकलवर आधी टाचणीएवढा तांबूस ठिपका येतो, मग आतून गंज पसरतो आणि पापुद्रा सुटतो. रंगाखालचं लोखंडही गंजतं, पण रंग त्या गंजाला जोर देत नाही, आणि एवढ्याशा जागेला घासून परत रंग लावता येतो. निकलला ठिगळ लागत नाही.

नव्या गाड्यांच्या जाळ्या बहुतेक प्लॅस्टिकच्या आहेत, त्यावर क्रोमचा पातळ थर. प्लॅस्टिक गंजत नाही, पण थर फुगतो आणि सोलून निघतो. त्याची कड ब्लेडसारखी लागते. गाडी धुताना फडकं जपून फिरवा.

आता रंगवायचं कसं, तेही सांगतो, कारण पुष्कळ ठिकाणी रंग सहा महिन्यांत पापड्या होऊन पडतो. कारण एकच, क्रोम गुळगुळीत असतं आणि रंगाला धरायला जागा मिळत नाही.

जाळी गाडीवरून काढूनच रंगवावी. जागेवर स्प्रे मारला तर रंगाचा धुरळा रेडिएटरच्या बारीक पात्यांवर बसतो, वारा अडतो आणि घाटात गाडी तापते. साबणाने धुऊन तेलकटपणा काढावा. तीनशेवीस-चारशे नंबरच्या पाणी पेपरने घासावं. चकाकी पूर्ण मरून सगळीकडं सारखा मंदपणा आला पाहिजे. सुटलेला पापुद्रा काढून त्याची कड उतरवून घ्यावी. घासायचं ते पाणी लावूनच, कोरडं नाही, निकेल-क्रोमची धूळ छातीत जाऊ देऊ नये. वाळल्यावर लोखंडाला एचिंग प्रायमर, प्लॅस्टिकला प्लॅस्टिकचा प्रायमर. मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. जाड एक हात मारला तर फटी बुजतात आणि ओघळ येतात. हार्डनर टाकलेला रंग असेल तर तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, स्प्रेसाठीचा मास्क लागतो.

रंग गाडीचाच घ्यावा. गाडीचा रंग आरसीवर लिहिलेला असतो. पूर्ण गाडीचा रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. जाळी बॉडीच्या रंगात गेली तर तो प्रश्नच येत नाही. आणि भात झोडणीच्या दिवसांत जाळीत पेंढा, तूस अडकतं, ते काढत चला. रंग कुठलाही असो, वारा गेला पाहिजे.

आता तिसरी वेळ. क्रोम चढवायच्या हौदात जे रसायन वापरतात ते सहा संयुजेचं क्रोमियम, कर्करोग करणारं. गाडीवर बसलेला चकाकता थर तसा विषारी नाही. विष आहे ते हौदात आणि त्याच्या सांडपाण्यात. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेट बनवणारा कारखाना नव्वदीच्या दशकात बंद पडला, पण त्याच्या कचऱ्याचा ढीग मागे राहिला आणि आजूबाजूच्या जमिनीखालच्या पाण्यात क्रोमियम उतरलं. कारखाना बंद झाला तरी शेतकऱ्याची विहीर तिथंच राहते. म्हणून युरोपात २०१७ पासून या रसायनाला खास परवानगी लागते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये ठरवलं की नुसत्या शोभेसाठीचं असं क्रोमिंग २०२७ पासून बंद.

इंद्रायणी आणि पवना आपल्या मावळातून खाली कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. आपण वर आहोत म्हणून निश्चिंत राहायचं कारण नाही, खाली पाणी पिणारे आणि भिजवणारे आपलेच पाहुणे-रावळे आहेत. गंजलेली जाळी पुन्हा निकल करायला द्यायची असेल तर त्या माणसाला एक प्रश्न जरूर विचारा, हौदाचं पाणी कुठं सोडता? आणि घरी ॲसिड ओतून निकल उतरवायच्या भानगडीत पडू नका. ते पाणी ओढ्यात गेलं की परत बोलावता येत नाही.

पोळ्याला आपण बैलाची शिंगं घासतो, हिंगूळ लावतो. त्याला कोणी गरिबी म्हणत नाही, कामाच्या जनावराचा तो मान आहे. दारातल्या ट्रॅक्टरचं तोंड बघा, ते बॉडीच्याच रंगाचं असतं. मग पिकअपची जाळी रंगवली तर लाजायचं कशाला? नीट घासून, पातळ हात देऊन रंगवलेली जाळी चार पावसाळे काढते, आणि तिच्यापायी ओढ्यात विष जात नाही.

राम कृष्ण हरी.