बालकांमधील अपस्मार आणि जनुकीय चाचणी

बालकाच्या अपस्माराचे (फेफरे, मिरगी) मूळ जनुकातील दोषात आहे काय, हे डीएनए तपासून ठरविण्याच्या पद्धतीस अपस्माराची जनुकीय चाचणी म्हणतात. चाचणीसाठी बहुधा रक्ताचा नमुना घेतात. आढळलेल्या कारणानुसार उपचार निवडणे, हा अचूक वैद्यकाचा भाग होय.

चाचणीची गरज

आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाच्या २०१७ च्या वर्गीकरणात संरचनात्मक, जनुकीय, संसर्गजनित, चयापचयजन्य, प्रतिकारशक्तीशी संबंधित आणि अज्ञात असे कारणांचे सहा गट आहेत. त्यामुळे प्रत्येक रुग्णाला ही चाचणी लागत नाही. झटके पहिल्या वर्षातच सुरू झाले, औषधांना दाद देत नसले किंवा मुलाचा विकास खुंटला, तर ती विशेष उपयुक्त ठरते.

उपचारांवरील परिणाम

फ्रेंच वैद्य शार्लोट ड्राव्हे यांनी १९७८ मध्ये वर्णिलेल्या ड्राव्हे लक्षणसमूहात तान्ह्या मुलास तापात दीर्घकाळ झटके येतात. बहुतेक रुग्णांत एससीएन१ए या जनुकात दोष असतो. हा संबंध २००१ मध्ये उघड झाला. कार्बामाझेपिन हे अपस्मारावरील प्रचलित औषध असले, तरी या रुग्णांत त्याने झटके वाढू शकतात. एसएलसी२ए१ जनुकातील दोषामुळे मेंदूला पुरेशी ग्लुकोज मिळत नाही. तेथे स्निग्धपदार्थप्रधान कीटोजेनिक आहार देतात. एएलडीएच७ए१ जनुकातील दोषात ब-६ जीवनसत्त्वाने झटके आटोक्यात येतात. पीओएलजी जनुकातील दोषात मात्र व्हॅल्प्रोएटमुळे यकृत निकामी होण्याचा धोका असतो.

मर्यादा

चाचणीत दोष न आढळल्यास जनुकीय कारण नाहीच, असे सिद्ध होत नाही. काही बदलांचा अर्थ अनिश्चित राहतो. तसेच जनुकीय म्हणजे आनुवंशिकच असे नव्हे. अनेक दोष मुलात नव्यानेच उद्भवतात. म्हणून आईला वा घराण्याला दोष देणे अशास्त्रीय आहे. अहवाल समजून घेण्यासाठी जनुकीय समुपदेशन आवश्यक असते.

नंदुरबार जिल्ह्याचा संदर्भ

आदिवासीबहुल नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यामुळे मुलांना पक्षाघात व झटके येऊ शकतात. म्हणून झटक्यांचे कारण शोधताना त्याचाही विचार करावा लागतो. सिकलसेलची प्राथमिक तपासणी गावपातळीवर होऊ शकते; अपस्माराच्या जनुकांची तपासणी मात्र प्रगत प्रयोगशाळेतच होते. राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरण, २०२१ अन्वये मुंबईचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे. चाचणीचा निष्कर्ष येईपर्यंत चालू औषध वैद्यकीय सल्ल्याविना बंद करणे धोक्याचे असते.